तिकाटण्यावरची ‘ती’

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या शिवारात फिरायला निघालं की एखाद्या तिकाटण्यावर, जिथे दोन गाडीवाटा येऊन डांबरी रस्त्याला मिळतात तिथे, पत्रावळ दिसतेच. तिच्यावर दहीभाताची मूद, मुदीवर कुंकू, शेजारी कापलेलं लिंबू, एक बिब्बा, विझलेली कणकेची पणती. मागच्या हिवाळ्यात मी पाहिलं तेव्हा एक तांबडं कुत्रं तो भात खात होतं. त्याने लिंबू नाकाने बाजूला सारलं, पणतीतलं तेल चाटलं आणि शेवटी पणतीसुद्धा खाऊन टाकली. शाळेला निघालेली दोन भावंडं मात्र रस्त्याच्या पार कडेने, चिखलात पाय घालून गेली. थोरलीने धाकट्याचा हात घट्ट धरला होता.

माझ्या आजीनेही माझा हात असाच धरलेला आहे. उतारा ओलांडायचा नाही, एवढंच ती सांगायची. कुणासाठी ठेवतात म्हणून विचारलं तर म्हणायची, “ती असते तिथं.” ती कोण, हे तिने कधी सांगितलं नाही. बहुधा तिलाही कुणी सांगितलं नसावं.

ग्रीक लोकांकडे या ‘ती’ला नाव होतं. हेकाटी. तीन वाटा मिळतात तिथली देवी. तिच्या मूर्तीला तीन देह, तीन तोंडं, प्रत्येक वाटेकडे एक. हातात मशाली, कधी किल्ल्या, पायाशी कुत्री. ग्रीकांचा महिना आपल्या महाराष्ट्रातल्या महिन्यासारखाच चंद्र नाहीसा झाला की संपायचा आणि त्या काळोख्या रात्री अथेन्समधली घरंदाज माणसं तिच्या नावाने तिकाटण्यावर जेवण ठेवायची. ते जेवण गोरगरीब उचलून न्यायचे. अ‍ॅरिस्टोफेनिस या नाटककाराने इ. स. पू. 388 च्या आपल्या नाटकात याचा उल्लेख केला आहे. तिथे माणसं खायची, इथे कुत्रं खात होतं, एवढाच फरक.

ग्रीकांची देवी औशाला आली किंवा आपली तिकडे गेली, असलं काही मला सुचवायचं नाही. वाटा मिळतात तिथे माणूस सगळीकडे थबकतो. मला ओढ लागली ती हेकाटीच्या चरित्राची, कारण त्यात एक गोष्ट घडली आहे आणि तीच गोष्ट आपल्याकडे देवींच्याही आणि जिवंत बायकांच्याही बाबतीत घडत आली आहे.

हेसिअडने इ. स. पू. 700 च्या आसपास देवांच्या जन्माचं काव्य रचलं. त्यात हेकाटीची थोरवी अनेक ओळी भरून सांगितली आहे. झ्यूसने तिचा सगळ्यांहून जास्त मान राखला. पृथ्वी, समुद्र, आकाश तिन्हींत तिचा वाटा. कोळ्याच्या जाळ्यात मासळी ती घालते, गोठ्यातली जनावरं ती वाढवते, न्यायनिवाडा चालू असताना ती राजाशेजारी बसते, लहान लेकरांना ती सांभाळते. जादूटोण्याचं त्यात नावही नाही. डीमीटर देवीच्या स्तोत्रात तर याहून हृद्य गोष्ट आहे. डीमीटरच्या लेकीला पाताळाच्या राजाने पळवून नेलं तेव्हा तिचा आक्रोश दोघांनाच ऐकू आला. एक सूर्य आणि दुसरी गुहेत बसलेली हेकाटी. पुढे मशाल घेऊन त्या आईला भेटायला हीच गेली.

मग पुढे काय झालं? इ. स. पू. 431 मध्ये युरिपिडीसचं ‘मीडिया’ नाटक रंगमंचावर आलं. नवऱ्याने टाकलेली, परमुलखातून आलेली, औषधी मुळ्यांची जाणकार मीडिया हेकाटीची शपथ घेते. माझ्या चुलीच्या आतल्या अंगाला राहणारी देवी, असं तिचं वर्णन करते. पुढच्या शतकांत मीडियाची भीती हेकाटीला चिकटली. रोमन कवींनी तिला स्मशानात नेऊन बसवलं आणि ‘मॅकबेथ’ रंगमंचावर आलं तोवर ती चेटकिणींची मालकीण झाली होती. चंद्र, काळोख, विष, कुत्र्यांचं रडणं, एवढंच तिच्याजवळ उरलं. लेकरं सांभाळणारी, निवाड्याला बसणारी बाई कुठल्या कुठे गेली.

हा प्रवास नीट पाहिला तर एक बाब ध्यानात येते. देवीने स्वतः काही बदल केला नाही. तिच्याकडे हात जोडणारी बाई कोण, यावर तिचं रूप ठरलं. गावाला ज्या बाईची धास्ती, तिची देवी आपोआप अघोरी झाली.

आता आपल्या भाषेकडे वळतो. इथे पुरावा शोधायला पोथ्या उघडायची गरज नाही. बाळ जन्मल्यावर सटवाई पूजतात. कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, रात्री ती येऊन बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहिते. ही सटवाई म्हणजे षष्ठी देवी, लेकरांची रक्षक. आणि ‘सटवी’? ती घराघरांत बाईला दिली जाणारी शिवी. जखीण मुळात यक्षिणी, धनाची राखणदार. डाकीण मुळात डाकिनी, तंत्रमार्गातली ज्ञान देणारी. विहिरीवरच्या साती आसरा मुळात अप्सरा. आता त्या ‘लागतात’. पुराणातली लक्ष्मीची थोरली बहीण ज्येष्ठा, म्हणजे अलक्ष्मी, आपल्या बोलीत अक्काबाई झाली. घरावर संकट आलं की अक्काबाईचा फेरा आला म्हणतात, दिवाळीत तिला केरसुणीने बाहेर लोटतात. आणि भाद्रपदात आमच्या मराठवाड्यात घरोघरी ज्या महालक्ष्म्या उभ्या राहतात, त्या जोडीतल्या थोरलीचं नाव ज्येष्ठाच असतं. एका महिन्यात हळदीकुंकवाच्या पावलांनी घरात घ्यायचं आणि दुसऱ्या महिन्यात त्याच नावाला उंबऱ्याबाहेर काढायचं, हे आपण करतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

उलटा प्रवासही झाला आहे, हे सांगायला हवं. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारीतीची मूर्ती आहे. लेकरं खाणारी यक्षिणी, बुद्धाच्या उपदेशानंतर लेकरांची राखणदार झालेली. माहूरची रेणुका तर त्याहून जवळची. पाण्यात खेळणारा गंधर्व तिने पाहिला, मन क्षणभर ढळलं असा संशय नवऱ्याला आला आणि मुलाच्या हातून तिचं मस्तक उतरलं. नांदेड जिल्ह्यातल्या त्या गडावर आज आपण जे पूजतो ते मुखच आहे. संशयावरून मारलेल्या बाईपुढे पिढ्यान्‌पिढ्या लोटांगण घालणाऱ्या मुलखात संशयावरून बाईला मारायची रीत कशी टिकली, हा प्रश्न मला वर्षानुवर्षं सोडत नाही.

ती रीत टिकली आहे. तिचं आमच्याकडचं नाव भानामती. नावातही बाईच. लातूर, नांदेड, धाराशिव, पलीकडे बिदर आणि मेदक, म्हणजे जुन्या निजामी राज्याचा हा सगळा पट्टा भानामतीने पछाडलेला. घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे पेट घेतात, जेवणाच्या ताटात घाण सापडते, अंगावर फुल्या उठतात, आणि बायका घुमतात, काही ठिकाणी कुत्र्यासारख्या भुंकतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती 1989 साली स्थापन झाली तेव्हापासून तिचे कार्यकर्ते अशा घरांत जाऊन बसत आले आहेत. अंगावरच्या फुल्या बिब्ब्याच्या तेलाने उठतात. कपड्याला लावलेला फॉस्फरस वाळला की पेटतो. आणि हे करणारं माणूस बहुतेक वेळा घरातलंच असतं. कोंडलेली, बोलायला जागा नसलेली सून किंवा पोर. तिला शिक्षा नको असते, तिचं म्हणणं कुणीतरी ऐकायला हवं असतं. समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी हे पुन्हा पुन्हा लिहून, बोलून सांगितलं.

भुंकणाऱ्या बाईबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. जिला घरात चढ्या आवाजात बोलता येत नाही, तिला भुंकता येतं. तेवढा वेळ सासू हात जोडते, नवरा पाय धरतो, गाव गोळा होतं. भूक, मारहाण, वांझपणाचे टोमणे, नको असलेलं लग्न यांतलं काहीही त्या भुंकण्यात असू शकतं. त्याची दखल घेण्याऐवजी घर भगताकडे जातं आणि भगत पहिला प्रश्न विचारतो, “कुणावर संशय आहे?”

या प्रश्नाने सगळा घात होतो. तोपर्यंतचं दुःख घरातलं होतं, आता त्याला शेजारणीचं नाव लागतं. नाव कुणाचं घ्यायचं हेही जवळजवळ ठरलेलं असतं. एकटी विधवा, लेकरू नसलेली, जिच्या नावावर दोन एकर आहेत आणि भावकीचा डोळा त्या दोन एकरांवर आहे अशी, दाईपण करणारी म्हातारी, नाहीतर तोंडाळ बाई. ‘तिचा पायगुणच वाईट’, ‘तिची नजर लागते’, ‘काळ्या जिभेची आहे’ ही वाक्यं आधीपासून तयार असतात. त्या वाक्यांत नाव घालायचं तेवढं बाकी असतं. मग तिच्या हातचं पाणी बंद होतं, पिठाच्या गिरणीवर तिच्या डब्यामागे कुणी डबा लावत नाही, पोरं तिच्या घरावरून पळत जातात. राज्याच्या सीमेपलीकडे तर संशयिताचे दात उपटल्याच्या घटना घडल्या आहेत. दात गेले की मंत्र नीट म्हणता येत नाही, असा समज. सातपुड्यात, नंदुरबारकडे, याच रीतीला डाकीण ठरवणं म्हणतात.

तर मग तिकाटण्यावरचा तो दहीभातही याच रोगाचा भाग नव्हे काय? माझे काही जवळचे मित्र, चळवळीत आयुष्य घातलेले, असंच मानतात. उतारा ठेवणारा आज दहीभातावर भागवतो, उद्या कोंबडं कापेल, परवा शेजारणीचं नाव घेईल, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. उतारा काही निष्पाप नाही. आजी मला ओलांडू देत नव्हती याचा अर्थच असा की घरातली पीडा तिथे टाकलेली असते आणि जो ओलांडेल त्याला ती लागावी, अशी मूक योजना त्यात असते. आपलं दुःख परक्याच्या पायात घालणं हे काही चांगलं काम नव्हे.

तरीही मी इथे रेघ ओढतो. उताऱ्यात पीडा बिननावाची असते. ती वाटेवर सोडली, वाट तिला घेऊन गेली. ज्या आईने तो भात कालवला तिला रात्रभर तापलेल्या लेकरापाशी बसून काहीतरी करायचं होतं, तेवढं तिने केलं. सकाळी लेकराला दवाखान्यात नेलं तर त्या भाताने कुणाचं वाकडं झालं नाही. भगताच्या दारात मात्र पीडेला नाव, गल्ली आणि घरनंबर मिळतो. अनामिक भीती आणि नाव घेतलेली बाई, या दोन गोष्टी एका मापाने मोजल्या तर आपण एका अडाणी आईला गुन्हेगार ठरवू आणि खरा गुन्हेगार त्या गर्दीत निसटेल.

दा. ध. कोसंबींनी हा विषय फार मोठ्या आवाक्यात पाहिला होता. गोव्यात जन्मलेला, पुण्यात राहून गणित करणारा हा माणूस रानोमाळ पायी हिंडला. 1962 साली आलेल्या त्यांच्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या पुस्तकात तिकाटण्यावरच्या मातृदेवींवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याची सुरुवात ते ‘मृच्छकटिक’ नाटकातून करतात. दरिद्री झालेला चारुदत्त संध्याकाळी मैत्रेयाला सांगतो, चौकात जाऊन मातृदेवींना बळी ठेवून ये. कोसंबींना प्रश्न पडला, या माता चौकातच का? गावात, घरात का नाहीत? त्यांचं उत्तर असं की गावं वसण्याआधी गुराखी, मेंढपाळ, भटके लोक ज्या वाटांनी फिरत, त्या वाटा जिथे मिळत तिथे त्यांच्या माता होत्या. शेती आली, गावं आली, पुरुष देव देवळांत बसले. माता जुन्या वाटांवरच राहिल्या. म्हणजे तिकाटण्यावरची ‘ती’ गावाबाहेर हाकललेली नाही. गाव तिच्यानंतर आलं.

हे वाचल्यापासून ती पत्रावळ मला वेगळी दिसते. भीतीचा थर वरचा आहे, त्याखाली अदब आहे. पुढे जाण्याआधी इथल्या जुन्या बाईला विचारावं, अशी अदब.

आमच्या भागाला अमावस्येची भीती वाटते, हेही अर्धंच खरं. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर जिल्ह्यात येऊन पाहा. वेळ अमावस्या, आमची येळवस. औशाच्या बाजारात त्या दिवशी चहा मिळायची मारामार, कारण सगळं गाव शेतात. कडब्याची कोप उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, लक्ष्मी पुजायची. ज्वारी-बाजरीचे उंडे, ओल्या हरभऱ्यापासून तुरीपर्यंत हाताला लागेल ते घालून केलेली भज्जी, गव्हाची खीर, आणि डेऱ्यात आदल्या रात्रीपासून मुरलेली आंबील. ती आंबील उभ्या पिकात शिंपडायची. शेत नसलेल्याला शेत असलेला बोलावतो. त्या दिवशी कुणाच्याही कोपीवर गेलं तरी पुढ्यात पान येतं. दिवस कलला की हेंडगा पेटवून शेताभोवती फिरवायचा. वर चंद्र नसतो आणि काळ्या रानात लांबवर एकेक जाळ हलताना दिसतो. हेकाटीच्या मशालींबद्दल पुस्तकात वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे अथेन्स आलं नाही, हेंडगे आले. तुळजापूरच्या वाटेवर पोत पेटवून, परडी घेऊन चाललेल्या आराधिणी आल्या. ज्या मुलखाला काळोखी रात्र अशी साजरी करता येते, त्याला अमावस्या अशुभ आहे हे कुणी शिकवलं?

पौर्णिमेनेही आम्हाला एक धडा दिला आहे, फार महाग. किल्लारी औसा तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते, वर जवळजवळ पूर्ण चंद्र होता. भूकंप झाला आणि काही सेकंदांत हजारो माणसं गेली. तेव्हा देवाच्या कोपाच्या गोष्टी झाल्या, नाही असं नाही. पण एवढ्या मोठ्या दुःखाचं खापर फोडायला कुणी एक बाई पुरली नाही. म्हणून लोकांना नाइलाजाने दुसरा प्रश्न विचारावा लागला. ‘कुणी केलं?’ ऐवजी ‘कशाने झालं?’ आणि उत्तर मिळालं. जमीन हलली, पण माणसं मारली ती मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंतींनी आणि वरच्या माळवदाच्या वजनाने. मग नवी गावं वसली, भूकंपाचा धक्का सोसतील अशी घरं कशी बांधायची हे गवंडी शिकले. ‘कशाने’ विचारलं की घर बांधता येतं. ‘कुणी’ विचारलं की घर जाळलं जातं. हे सबंध देशाला दाखवून दिलेल्या तालुक्यात म्हैस दुधाला आटली की आजही ‘कुणी’ विचारलं जातं, याचं मला दुःख आहे.

म्हशीचं उदाहरण मी मनाने घेतलेलं नाही. ते कायद्यात आहे. दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणा प्रतिबंधाचा कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत, एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्रतंत्राने जनावराचं दूध आटवते असं सांगून तिच्याबद्दल संशय उत्पन्न करणं आणि तिचं जगणं मुश्कील करणं, हा गुन्हा आहे. शिक्षा किमान सहा महिने, सात वर्षांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन यांना मात्र कायद्याने हात लावलेला नाही. हा कायदा श्रद्धेच्या मुळावर येईल अशी आवई तेव्हा उठवली गेली. आज इतक्या वर्षांनंतर औशाच्या नाथ संस्थानातलं चक्रीभजन तसंच चालू आहे आणि कुणाची दिंडी अडलेली नाही. मी जी रेघ वर ओढली, ती कायद्याने आधीच ओढून ठेवली आहे, आणि नेमक्या जागी.

युरोप-अमेरिकेत आता काही स्त्रिया हेकाटीला पुन्हा पुजू लागल्या आहेत, स्वतःला अभिमानाने चेटकीण म्हणवतात. मोडलेली मूर्ती सांधायची त्यांची धडपड मला समजते. पण तो शब्द त्यांना आभूषणासारखा घालता येतो आणि काढून ठेवता येतो. औसा तालुक्यातल्या ज्या बाईला तो गावाने चिकटवला, तिला तो रात्री उशाशी घेऊन झोपावं लागतं.

म्हणून माझं मागणं कायद्याहून लहान आहे. कायदा पोलीस ठाण्यात सुरू होतो, पण नाव गिरणीवर, पारावर, हळदीकुंकवात घेतलं जातं. तुमच्या गल्लीत अशी एखादी बाई असेलच. जिच्या घरून तिळगूळ घ्यायला लोक कचरतात, जिच्या दारावरून पोरांना हात धरून नेतात. ती कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिचं नाव पुन्हा कुणी त्या सुरात घेतलं तर ते पुढे नेऊ नका. आणि यंदाच्या येळवशीला तिला आपल्या कोपीवर जेवायला बोलवा, चारचौघांत, पंगतीच्या मधोमध बसवा.